क्षाराचा ठराव

शनिवारी संध्याकाळी पिवळा असलेला अंगठ्याचा ठसा सोमवारी सकाळी एका कडेनं तांबडा झाला होता.

अंबुजानं खिडकी उघडली आणि उजेड टेबलावर आल्यावर पुन्हा नीट पाहिलं. ठसा समितीच्या एका शब्दकार्डाच्या डाव्या कोपऱ्यात होता. रुंद, पसरट, मधोमध एक जुनी चीर असलेला, म्हणजे अप्पाजींचा. पिवळा रंग चित्रान्नाच्या हळदीचा. शनिवारी डब्यातून लिंबाचा भात आला होता, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. पण हळद आपणहून तांबडी होत नाही. तिला चुना लागतो, नाहीतर सोडा. कार्डाखाली टेबलाच्या लाकडावर पांढऱ्या भुकटीचे चार कण पडले होते. तिनं बोट ओलं करून एक उचलला आणि अंगठ्याशी चोळला. बुळबुळीत लागला. धुण्याचा सोडा. मद्रासच्या दमट हवेत पुढचं काम व्हायला दीड दिवस पुरतो.

म्हणजे कुणीतरी तिचं कपाट उघडलं होतं.

कपाटात वरच्या फळीवर दोन सारख्या बरण्या होत्या. एकीत धुण्याचा सोडा, दुसरीत साधं मीठ. दोन्हींवर तिनं काळ्या शाईनं इंग्रजी नावं लिहून चिकटवली होती. ती नावं कुणीतरी पाण्यात भिजवून खरवडून काढली होती आणि तिथं नव्या चिठ्ठ्या आल्या होत्या. एकीवर अप्पाजींच्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं, "क्षार". दुसरीवर करंबेळकरांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "क्षार". त्याखाली बारीक अक्षरात, "शुद्ध".

अंबुजानं दोन परीक्षानळ्या घेतल्या, दोन्हीत चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळवली आणि सोड्यात गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा एकेक थेंब टाकला. अप्पाजींच्या क्षाराचं पाणी होतं तसंच राहिलं. करंबेळकरांचा शुद्ध क्षार गुलाबी झाला. अप्पाजी क्षार म्हणत सोड्याला आणि करंबेळकर मिठाला. याचा अर्थ चिठ्ठ्या ज्यांनी लिहिल्या त्यांनी चिकटवल्या नव्हत्या. डिंकाचं काम नेहमी चंद्रमौळींकडे असे, आणि त्यांना दोन्ही भुकट्या सारख्याच पांढऱ्या दिसल्या होत्या.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते सांगायला हवं.

तिरुवल्लिक्केणीच्या त्या मुलींच्या हायस्कुलात रसायनाची प्रयोगशाळा एकच होती आणि संपूर्ण शाळेत पंखाही तिथंच एक होता. विषारी वायू बाहेर जावेत म्हणून तो बसवला होता. शाळेचे सेक्रेटरी अप्पाजी राव, कलेक्टर कचेरीतले रिटायर्ड शिरस्तेदार, यांनी तीन वर्षांपूर्वी तंजावरी मराठी मंडळींसाठी एक समिती काढली. शास्त्रीय शब्द मराठीत आणायचे, आणि सुरुवात रसायनापासून करायची. रसायनच का, असं कुणी विचारलं नाही. उत्तर छताला फिरत होतं. शिवाय खोलीत लांब टेबल होतं आणि फराळानंतर हात धुवायला नळ होता.

"दोनच शनिवार," अप्पाजी तेव्हा म्हणाले होते. "आसिड, बेस, साल्ट. तीन शब्द. तिसऱ्या शनिवारी तुझी खोली तुला."

पहिल्या शब्दाचं भांडण झालं नाही. ॲसिडला आम्ल म्हणायचं, हे इडल्या संपायच्या आत ठरलं. दुसऱ्या शब्दावर समिती अडली ती आजतागायत अडून होती. अप्पाजींच्या म्हणण्यानुसार बेस म्हणजे क्षार. तमिळमध्येसुद्धा त्याला कारम म्हणतात, तो क्षारच की. तंजावरात परीट ज्यानं कपडे धुतो तो क्षार. करंबेळकर रेल्वेच्या कचेरीत पुण्याहून बदलून आलेले अधिकारी. त्यांच्या म्हणण्यानुसार क्षार म्हणजे सॉल्ट. पुण्याच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं आणि पुण्याच्या पुस्तकात छापलेलं नसतं ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसे. तिसरे सभासद चंद्रमौळी, सरकारी छापखान्यातले माजी कारकून, दोघांच्याही बाजूचे होते. त्यांना दुपारी झोप येई आणि जाग आली की जो बोलत असेल त्याचं त्यांना पटे.

अंबुजा समितीवर होती. समितीत रसायन येणारी ती एकटी होती, म्हणून तिला मिनिट्स लिहायचं काम दिलं होतं. मत द्यायचा अधिकार मिनिट्स लिहिणाऱ्याला नसतो, हा शिरस्तेदारांच्या कचेरीतला नियम इथंही चालू झाला.

त्या शब्दमालेतून रसायन शिकेल असं एकही मूल मद्रासमध्ये नव्हतं. मुली धडे इंग्रजीतून गिरवत, भांडण तमिळमधून करत, आणि त्यांतल्या तंजावरी घरच्या मुली जी मराठी बोलत ती ऐकून करंबेळकर डोळे मिटून घेत. समितीला याची खंत नव्हती. शब्द आधी, मुलं मागून येतील, अशी त्यांची समजूत होती.

खोलीचं मात्र जे व्हायचं ते झालं. शनिवार हा प्रात्यक्षिकाचा दिवस होता, तो गेला. मग टेबलावर कार्डं मांडून ठेवायची पद्धत पडली आणि "असकी कार्डं आहेत तशी राहू दे, हलवू नक्को" असा सगळ्या कार्डांबद्दल अप्पाजींचा निरोप आला. म्हणजे उरलेले पाच दिवसही गेले. रसायनाची परिभाषा ठरेपर्यंत रसायन बंद, असं कुणी म्हटलं नाही, पण झालं तेच. अंबुजा फळ्यावर ब्युरेट काढी. पांढऱ्या खडूनं नळी, निळ्यानं आम्ल आणि शेवटी गुलाबी खडूनं चंबूतला रंग. पाचव्या फॉर्मच्या नऊ मुलींनी तो गुलाबी रंग दोन वर्षं वहीत उतरवून घेतला होता. पाहिला एकीनंही नव्हता.

अंबुजा हे सांगू शकली नसती असं नाही. "काका, ही खोली मला द्या" एवढंच तर वाक्य. ते तिनं तीन वर्षांपूर्वी जुळवलं होतं. पण अप्पाजी तिच्या वडिलांचे स्नेही. वडील गेल्यावर तिला या शाळेत त्यांनीच लावून घेतलं होतं. आणि दुसरं कारण तिच्या स्वभावात होतं. पुरेसा पुरावा गोळा झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं, आणि ती अजून पुरावाच गोळा करत होती. एकशे सतरा शनिवार झाले होते. एवढ्या निरीक्षणांवर दुसऱ्या कुणी एखादा सिद्धांत मांडला असता.

त्याच सोमवारी टपालानं शाळातपासणी अधिकाऱ्यांचं पत्र आलं. येत्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता इन्स्पेक्ट्रेस विशालाक्षी अम्मा येतील. प्रत्येक मुलीला स्वतःच्या हातानं एक प्रयोग करताना त्या पाहतील. मुलींच्या वापरासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे की नाही, हे फॉर्मात भरतील. नसेल तर जूनपासून शाळेचा रसायन विषय बंद आणि त्याजागी गृहविज्ञान.

अंबुजानं पत्र दोनदा वाचलं. कनकाला डॉक्टर व्हायचं होतं. इतर आठ जणींनी अजून काही ठरवलं नव्हतं, पण ठरवायचं झालं तर दार उघडं असायला हवं होतं. रसायन गेलं की कॉलेजात सायन्स गेलं. मग इडलीचं पीठ किती तास आंबवावं, यावर नऊ जणी सहावा फॉर्म पास होणार.

मंगळवारी ती अप्पाजींच्या घरी गेली. ते ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसून मोडी कागद भिंगातून पाहत होते.

"ये, बसून घे," ते म्हणाले. "हे पार, बघ. दरबारातला कागद. हत्तीच्या झुली धुण्यास क्षार पाव मण. स्वच्छ लिहिलंय. करंबेळकर काय म्हणतो, ठाऊक आहे? तो क्षार नव्हे, खीर आहे मणून वाचतो."

"हत्तीच्या झुली खिरीनं धुतल्या?"

"मीही तेच विचारलो. तर म्हणतो, तंजावरच्या दरबारात काहीही शक्य आहे." अप्पाजींनी भिंग खाली ठेवलं. "पुण्यास मोडी वाचतात, पण डोकं घरी ठेवून."

अंबुजानं पत्र पुढे केलं. अप्पाजींनी ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा वाचलं. कोरी बाजू पाहणं ही कचेरीतली सवय होती.

"शनिवारी," ते म्हणाले.

"हो. मला खोली लागेल, काका. सकाळपासून."

"लागेल की. कोण नाही म्हणतो? पण शनिवारी क्षाराचा ठराव आहे. शेवटचा. करंबेळकराची बदली व्हायची आहे. तो गेला तर विरोध कोण करेल? विरोध नसला तर ठरावास किंमत काय?"

"समिती एक शनिवार व्हरांड्यात बसली तर?"

"वाऱ्यानं असकी कार्डं उडतील. तीन वर्षांचं काम." अप्पाजींचा आवाज मऊ झाला. "अंबुजा, तू आमचीच की. त्या इन्स्पेक्ट्रेस अम्मास मोर दे, गार ताक, थोडं बसव. आम्ही एक तासात उरकतो. आणि त्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ठराव होईपर्यंत काढू नक्को."

"चिठ्ठ्या चुकीच्या बरण्यांवर लागल्यात."

"तेच तर शनिवारी ठरवायचं आहे."

ते जुळवून ठेवलेलं वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिनं नमस्कार केला आणि ती घरी गेली.

बुधवारपासून शाळा सुटल्यावर तिनं व्हरांड्यातल्या कठड्याला पाच स्टँड बांधले आणि ब्युरेटा लावल्या. आधी दोन दिवस नुसतं पाणी. तोटी कशी फिरवायची, थेंबावर डोळा कसा ठेवायचा, पातळी वाचताना मान कुठवर वाकवायची. शुक्रवारी खरं आम्ल आणि खरा सोडा. सोड्याची बरणी ओळखता यावी म्हणून तिनं दोन्ही बरण्यांच्या बुडाशी आपल्या हातानं नावं लिहून चिकटवली होती. समितीनं बूड तपासायचा ठराव अजून केलेला नव्हता.

कनकानं चंबू हलवत हलवत आम्ल सोडलं. रंग फिका झाला, आणखी फिका झाला आणि एका थेंबासरशी गेला.

"टीचर," ती जरा वेळानं म्हणाली, "फळ्यावर जास्त गुलाबी होता."

"फळ्यावर माझा हात जड होता."

"आणि मी थेंब मोजायला विसरले."

"मग पुन्हा कर."

ती हसली आणि चंबू धुवायला नळ शोधू लागली. नळ प्रयोगशाळेत होता आणि तिथपर्यंत जाणारी वाट कार्डांच्या ढिगांतून होती. मुली हौदावरून बादली भरून आणत होत्या.

शनिवारी सव्वादहाला समिती आत बसली. दार उघडंच होतं, कारण पंख्याला हवा लागते. बाहेर कठड्याजवळ नऊ मुली, परकरावर गुंडाळलेल्या निळ्या दावण्या, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. समुद्रावरून वारा होता. ब्युरेटा झुलत होत्या. एका मुलीनं दोन्ही हातांनी स्टँड धरला होता, मग तोटी कुणी फिरवायची, हा प्रश्न होता.

विशालाक्षी अम्मा साडेदहाला एक मिनिट कमी असताना आल्या. हातात छत्री, पायात जाड चामड्याच्या चपला, काखेत फाइल. त्यांनी मुलींकडे पाहिलं, झुलणाऱ्या ब्युरेटांकडे पाहिलं.

"लॅबोरेटरी नाही का तुमच्याकडे?"

"आहे, अम्मा," अंबुजा म्हणाली.

"कुठं?"

"ही काय, आत."

"मग मुली बाहेर का?"

"आत कमिटी बसलीय."

"कशाची?"

"रसायनाची."

अम्मांनी छत्री मिटली आणि त्या आत गेल्या. त्यांच्या मागून अंबुजा, हातात मिनिट्सची वही घेऊन, कारण वही आणायला अप्पाजींनी दोनदा हाक मारली होती. कनका दाराशी उभी राहिली.

अप्पाजींनी उठून अम्मांना खुर्ची दिली. खुर्चीवरची कार्डं उचलून चंद्रमौळींच्या मांडीवर ठेवली. चंद्रमौळींना त्यामुळे जाग आली.

"अम्मा, बऱ्या समयास आलात," अप्पाजी तमिळमध्ये म्हणाले. "आमचा तीन वर्षांचा वाद आज मिटायचा आहे. तुमच्यासमोर मिटेल. हे आमचे करंबेळकर, पुण्याचे. यांच्या मते हा क्षार म्हणजे मीठ."

"आणि यांच्या मते," करंबेळकर इंग्रजीत म्हणाले, "क्षार म्हणजे अल्कली. तमिळच्या सहवासानं भाषा बिघडते, त्याचं हे उदाहरण."

"तीनशे वर्षं आम्ही इथं आहोत," अप्पाजी मराठीत म्हणाले. "तुमची पेशवाई संपली तेव्हाही आम्ही हीच मराठी बोलत होतो."

"तीच अडचण आहे. तेव्हापासून पुढं गेलाच नाहीत."

विशालाक्षी अम्मांना यातलं निम्मं कळलं. "क्षार म्हणजे आमचं कारमच ना?" त्यांनी विचारलं. "कारम म्हणजे तिखट, मिरचीचं. माझ्या सासूच्या सांबारात होतं ते."

तीन वर्षांत मिरची कुणी विचारात घेतली नव्हती. चंद्रमौळींनी मांडीवरच्या कार्डांतून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर "मिरची?" असं लिहिलं.

"मुलींचा प्रयोग कधी सुरू होईल?" अम्मांनी घड्याळ पाहिलं. "बारा वाजता मला मैलापुरात दुसरी शाळा आहे."

"होईल, होईल, एक ठराव," अप्पाजी म्हणाले. "अंबुजा, त्या बरण्या आण."

अंबुजानं बरण्या आणल्या. करंबेळकरांनी आपल्या अक्षरातली चिठ्ठी ओळखली आणि ती बरणी पुढे ओढली.

"वादाची गरजच काय?" ते म्हणाले. "शास्त्र म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. हा क्षार. चाखून पाहा. खारट लागेल तो क्षार. बेरीज-वजाबाकीइतकं सोपं आहे."

"चाखू नका," अंबुजा म्हणाली. "प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं. शिवाय त्या बरणीत मीठ नाही."

"अंबुजाबाई, माझ्या हातची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी तुमची आहे. बरणीत सोडा आहे."

"शुद्ध लिहिलंय मी त्यावर," करंबेळकर समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांनी मोठी चिमूट घेतली, ती मीठ टाकावं तशी जिभेवर टाकली आणि तोंड मिटलं.

काही वेळ त्यांनी ते मिटलेलंच ठेवलं. अधिकाऱ्याला ते शोभलं. मग त्यांचे डोळे भरून आले, ते उठले, कार्डांचा एक ढीग लाथाडत नळाशी गेले आणि तिथं ओणवे उभे राहून बराच वेळ चुळा भरत राहिले.

"पाहिलंत?" अप्पाजींचा चेहरा उजळला होता. "चावला की नाही जिभेस? तोच क्षार. स्वतः सिद्ध केलं. अंबुजा, लिही. सभासद करंबेळकर यांनी स्वतःच्या जिभेनं ठरावास अनुमोदन दिलं."

"अनुमोदन नाही," नळाखालून आवाज आला. "मत घ्या. मताशिवाय ठराव नाही."

"मग तुम्ही तोंड पुसून या, मत घेऊ."

"चंद्रमौळींचं मत काय?"

चंद्रमौळी दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागले. "दोघं बोलताय ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मिरचीचं काय करायचं?"

दाराशी उभ्या असलेल्या कनकाच्या गालांत हसू दाटलं होतं. तिनं ते दाबण्यासाठी हातातली पिपेट कपाळाला टेकवली. विशालाक्षी अम्मांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंबुजाकडे.

"टीचर, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं ना केमिस्ट्री? या बरणीत जे आहे ते साल्ट की बेस?"

तीन वर्षांत हा प्रश्न अंबुजाला पहिल्यांदाच विचारला गेला होता. करंबेळकरांनी नळ बंद केला.

"दोन्ही," ती म्हणाली. "धुण्याचा सोडा एका दुबळ्या आम्लापासून आणि एका जबर बेसपासून होतो. म्हणून जन्मानं तो साल्ट. पण पाण्यात गेला की वागतो बेससारखा. जीभ चावतो, हळद तांबडी करतो, फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी करतो. अप्पाजी काका म्हणतात ते त्याच्या वागण्याबद्दल बरोबर आहे. करंबेळकर म्हणतात ते त्याच्या कुळाबद्दल."

"हे तुला कधी कळलं?" अप्पाजींनी विचारलं.

"इंटरला असताना."

"मग पहिल्याच शनिवारी का नाही सांगितलंस?"

"मी मिनिट्स लिहीत होते, काका."

अप्पाजींनी थोडा विचार केला. एखादी फाइल मिटू पाहते तेव्हा शिरस्तेदाराचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला. मग त्यांना वाट सापडली आणि ते सैल झाले.

"म्हणजे क्षार दोन," ते म्हणाले. "कुळाचा क्षार आणि वागणुकीचा क्षार."

"कुलक्षार आणि वृत्तिक्षार," करंबेळकर रुमालानं तोंड पुसत म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, पण डोळ्यांत बऱ्याच महिन्यांनी चमक आली होती. "संस्कृतातून घेऊ. चांगले शब्द आहेत."

"वृत्ति ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व. पुण्याला ऱ्हस्व लिहितात."

"आमच्याकडे दीर्घ लिहितात."

"तुमच्याकडे झुली खिरीनं धुतात."

"हे पुढल्या शनिवारी घेऊ," अप्पाजी म्हणाले. "उपसमिती नेमावी लागेल. अंबुजा, लिही. खोली पूर्ववत समितीकडे."

करंबेळकर बसले. चंद्रमौळींनी नवी कोरी कार्डं काढली आणि डिंकाची बाटली जवळ ओढली. बाहेर वाऱ्यानं काचेचं काहीतरी काचेवर आपटलं आणि एका मुलीचा दबका आवाज आला. कनका मागे वळून पळाली.

विशालाक्षी अम्मांनी फाइल उघडली. फॉर्म काढला, टेबलावर जागा नव्हती म्हणून गुडघ्यावर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं.

"मला वाईट वाटतं, टीचर," त्या अंबुजाला हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या मुली तयार दिसतात. पण इथं एक रकाना आहे. विद्यार्थिनींच्या वापरासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा. हो किंवा नाही. जे दिसतं ते मला लिहायला हवं."

पेनचं टोक रकान्यावर आलं. अंबुजाच्या हातात मिनिट्सची वही उघडी होती. तारखेखाली अजून काही लिहिलेलं नव्हतं. समोर तिघं पुरुष वृत्ति ऱ्हस्व की दीर्घ यावर एकाच वेळी बोलत होते, आणि तिला एकदम जाणवलं की ते खूश आहेत. फार खूश आहेत. आणखी तीन वर्षं ते असेच खूश राहू शकतील.

"अम्मा, एक मिनिट लिहू नका," ती म्हणाली.

तिनं वही मिटली आणि अप्पाजींच्या समोर ठेवली. पेन वहीवर ठेवलं. मग त्यांच्या कोपराजवळचा कार्डांचा पहिला ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. अप्पाजी बोलता बोलता थांबले.

"अंबुजा, हे कायकी करतेस? असकी कार्डं मिसळतील."

तिनं दुसरा ढीग उचलला. आवाज चढवला नाही. वर्गात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतकाच ठेवला.

"काका, करंबेळकर, चंद्रमौळी," ती म्हणाली, "तिघंही उठा. ही खोली आता मुलींची आहे, फक्त आजच्यापुरती नाही, कायमची."